पाच ग्रॅमचा हात

भांडगावात पोट दुखलं तर ते ज्याचं त्याचं असतं. डोकं दुखलं की ते गावाचं होतं. पोटदुखीवाल्याला लोक "काय खाल्लं होतंस?" एवढं विचारून पुढे जातात; डोक्यापर्यंत मात्र प्रत्येकाचा हात पोचतो. त्यातून माझं किराणा दुकान पुणे-सोलापूर हायवेच्या कडेला. म्हणजे माझं डोकं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेवरच आहे.

दुखणं साधं. मानेच्या वर, कवटीच्या बुडाशी सुरू होतं आणि दुपारनंतर कानामागून कपाळावर येऊन बसतं. कारणं शोधायला लांब जायला नको. दिवसभर मान खाली: उधारीची वही, मग मोबाईल, पुन्हा वही. त्यात उसाचा हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दारावरून जातात, आणि त्यांच्यावरचा डेक असा वाजत असतो की बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या नाचतात. चौफुल्याच्या कला केंद्रात लावणीला पैसे मोजावे लागतात. मला ती फुकट ऐकायला मिळते, नको तेव्हा.

आमच्याकडे औषधाचा कायदा एकच. लागलं पाहिजे. काढा कडू हवा, सुई टोचली पाहिजे, मालिशला डोळ्यांत पाणी यायला हवं. "कळ आल्याशिवाय कळ जात नाही," असं अण्णा म्हणतात. अण्णा माझे चुलते. तरुणपणी तालमीत होते. तालीम सुटून जमाना झाला, पण अंगठ्यांना कुणी ते कळवलेलं नाही. तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे निघाली की अण्णा रस्त्याकडेला मांडवात बसून वारकऱ्यांचे पाय चेपतात. त्यांच्या हाताखालून सुटलेला वारकरी झपाझप चालू लागतो. पाय मोकळे झाले म्हणून की पुन्हा धरतील म्हणून, हे सांगायला तो थांबत नाही.

माझ्या डोक्यावर पहिला हक्क आईचा. ती सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप घालते. कातडी भाजायला लागली की मी हाय हाय करतो, आणि ती समाधानानं म्हणते, "लागू पडतंय." दुसरा हक्क बायकोचा. ती फडक्यानं डोकं असं आवळते की भुवया वर चढतात आणि दिवसभर गिऱ्हाइकांना वाटतं, मी त्यांच्या प्रत्येक बोलण्यावर आश्चर्य करतोय. तिसरा हक्क अमृतांजनचा. कासीनाधुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत हा बाम काढला. खंडाळ्याच्या घाटातल्या १८३० सालच्या पुलाला याच बामचं नाव चिकटलं होतं. तो पूल २०२० साली पाडला. बाम टिकून आहे. माझ्या दुकानात तो विकायला असतो, पण खप बराचसा माझ्याच कपाळावर होतो.

या सगळ्यांतून जे डोकं उरतं ते सलूनवाल्याचं. १९५७ च्या 'प्यासा'त जॉनी वॉकर तेलमालिशवाला झाला, तेव्हापासून प्रत्येक सलूनवाल्याच्या हाताला कलावंताची खाज आहे. आधी टाळूवर तबला, मग कानांची पिळवणूक. आणि एकदा मी डोळे मिटून सुखावलोय असं पाहून त्यानं हनुवटी धरली आणि मान डावीकडे कडाड मोडली. मी ओरडायच्या आत उजवीकडे. "आता बघा," तो म्हणाला. बघायचं होतं, पण मान ज्या बाजूला राहिली होती त्या बाजूचंच दिसत होतं. पुढचे काही दिवस गिऱ्हाईक उजवीकडून आलं तर मी स्टुलासकट वळत असे. डोकं दुखायचं थांबलं नव्हतंच.

या अवस्थेत मला भाचीनं पाहिलं. ती पुण्यात फिजिओथेरपी शिकते, त्यामुळे तिच्यापुढं नातेवाईक म्हणून बसता येत नाही, केस म्हणून बसावं लागतं. मान मोडल्याचं ऐकून ती आधी माझ्यावरच ओरडली.

"मामा, मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात. झटक्यानं त्या आतून फाटू शकतात. गुठळी होते, माणसाला लकवा मारतो. पार्लरमध्ये बेसिनवर मान मागं टाकून केस धुताना झटका आलेल्या बायका आहेत. १९९३ सालापासून डॉक्टर त्याला ब्यूटी पार्लर स्ट्रोक म्हणतात."

मी पार्लरला जात नाही, असं म्हणून पाहिलं. चाललं नाही. मग तिनं माझ्या मानेचा ताळेबंद मांडला. डोकं साडेचार-पाच किलोचं. ते साठ अंश खाली वाकवलं तर मानेवर सत्तावीस किलोच्या आसपास भार येतो, असं हंसराज नावाच्या अमेरिकेतल्या सर्जननं २०१४ साली गणित करून दाखवलंय. म्हणजे साखरेचं अर्ध्याहून जास्त पोतं मी दिवसभर मानेवर वागवतो, तेही हमालीशिवाय. नंतर गल्ल्यातल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, मिश्र गोळी दहा दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीच डोकं दुखवायला लागते, असं ती म्हणाली. मी पट्ट्या तिच्या हातून घेऊन गल्ला बंद केला.

"अचानक कधी नव्हे असं डोकं फुटायला लागलंय? तापात मान आखडली? जीभ जड? एखादा हात लुळा? नजर अंधूक? असं काही असेल तर मालिश नाही, थेट दवाखाना." यातलं मला काहीच नव्हतं. तसं तिनं नीट तपासून सांगितलं. बरं वाटायला हवं होतं, पण इतकी वर्षं जपलेलं दुखणं एवढं मामुली निघाल्याचं मनाला लागलं.

मग ती मला केडगावहून डेमू लोकलमध्ये घालून पुण्याला एका थेरपिस्ट ताईंकडे घेऊन गेली. हलक्या हाताचे उपचार, असं तिनं सांगितलं होतं. माझ्या समजुतीनं हलका हात म्हणजे अण्णांच्या निम्मा. म्हणून निघताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या होत्या.

खोलीत पडदे ओढलेले, कुठं तरी पाण्याचा आवाज. ताईंनी मला उताणं झोपवलं, दोन्ही हातांची बोटं कवटीच्या बुडाखाली सरकवली आणि डोक्याचं ओझं त्यांवर घेतलं. मी दात आवळले, मुठी आवळल्या, आईचं नाव तयार ठेवलं. काहीच झालं नाही. बराच वेळ झालं नाही. शेवटी मी विचारलं, "सुरू कधी करणार?"

"केव्हाच केलंय," ताई म्हणाल्या. "पाच ग्रॅमच्या वर दाब द्यायचा नसतो."

पाच ग्रॅम! आमच्या दुकानात पाच ग्रॅमला कोथिंबिरीची काडी येत नाही. मी हा व्यवहार मनात जुळवत असतानाच माझ्या घोरण्यानं मला जाग आली. शेजारच्या खोलीतून कुणी तरी भिंतीवर टकटक करत होतं.

परतीच्या डेमूत भाचीनं या विद्येची कुळकथा सांगितली. अमेरिकेत विल्यम सदरलँड नावाचे ऑस्टिओपॅथ होते. सुट्या केलेल्या कवटीतलं कानशिलाचं हाड त्यांना माशाच्या कल्ल्यासारखं दिसलं आणि कवटीही श्वास घेत असावी असं त्यांच्या मनानं घेतलं. खात्री करायला त्यांनी स्वतःच्याच डोक्याला पट्टे आणि शिरस्त्राणं आवळून प्रयोग केले. मला बायकोचं फडकं आठवलं आणि माणूस एकदम घरचा वाटला. पुढं १९७० च्या दशकात जॉन अपलेजर यांनी मिशिगनमध्ये त्यातून क्रेनिओसेक्रल थेरपी उभी केली.

"मग माझी कवटी घेते का श्वास?"

"नाही हो. मोठ्या माणसाच्या कवटीचे सांधे हलण्यासारखे राहिलेले नसतात. दोन थेरपिस्टांना एकाच माणसाची लय मोजायला दिली तर आकडे जुळत नाहीत. पण कवटीच्या बुडाशी छोट्या स्नायूंच्या चार जोड्या आहेत. तुमच्या त्या चोवीस तास ड्यूटीवर असतात. कुणी डोकं हातात धरलं, ऊब दिली, शांत पडू दिलं, की त्या सुटतात. आणि तुम्ही झोपलात. तेवढंही पुष्कळ आहे."

डोकं खरोखरच उतरलं होतं. पण ज्या उपचारात एकदाही 'आई गं' म्हणावं लागलं नाही, त्याचे पैसे दिल्याची रुखरुख लोणी स्टेशन येईपर्यंत गेली नाही. उरुळी गेल्यावर तिच्या जागी दुसरी काळजी आली: अण्णांना काय सांगायचं?

अण्णा दुकानाच्या पायरीवर बसूनच होते. "काय केलं?"

नुसता हात ठेवला आणि पैसे घेतले, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "काय सांगू अण्णा, पार पिळून काढलं. डोळ्यांपुढं काजवे. बाई आहे की पैलवान!"

अण्णांचा चेहरा बदलला. पुण्याची एक बाई आपल्यापेक्षा जोरात दाबते, हे भांडगावच्या तालमीला पचण्यासारखं नव्हतं. "खाली बस," ते म्हणाले. नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर दोन्ही अंगठे मानेत शिरले होते. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. काजवे मात्र या वेळी खरे होते. सोडताना अण्णांनी विचारलं, "तिच्यापेक्षा जास्त की कमी?" मी जास्त म्हणालो, आणि बायकोकडं फडकं मागितलं.

पुढच्या रविवारी भाचीनं खोटं उघडं पाडलं. अण्णा रागावले नाहीत. त्यांचा विश्वासच बसला नाही. "पाच ग्रॅम? तेवढी तर माशी बसते." मग भाचीनं काउंटरवरचा इलेक्ट्रॉनिक काटा शून्यावर आणला आणि म्हणाली, "आजोबा, अगदी हळू दाबून दाखवा."

अण्णांनी श्वास रोखून अंगठा टेकवला. काटा म्हणाला, ३ किलो ८००. "अजून हळू." २ किलो १५०. तोवर दुकानात गर्दी झाली. तेल घ्यायला आलेल्या एका पोरानं ९०० ग्रॅम दाबून आशा दाखवली. आई आली, पदर सावरला आणि बोट ठेवलं तर काटा ४० वर. "तान्ह्या पोराच्या टाळूवर तेल घालायचं म्हटलं की हात आपोआप येतो," ती म्हणाली. मला विचारावंसं वाटलं, की मग सुंठीच्या वेळी तो हात कुठं जातो. पण लेपाची भीती वाटली. माझा स्वतःचा आकडा १ किलो २०० निघाला. माप करण्यात आयुष्य गेलेला माणूस मी. गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघू लागली.

अण्णा हटले नाहीत. रोज संध्याकाळी काट्याशी येऊन बसू लागले. साखर, डाळ, शेंगदाणे घेणारी माणसं मागं उभी राहायची. आकडा किलोतून ग्रॅममध्ये उतरला, शंभराच्या खाली आला, आणि एक दिवस हिरव्या अक्षरांत ५ दिसला, तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानंही डेक बारीक केला.

लगेच मला दुकानातच पोत्यांवर उताणं पाडण्यात आलं. अण्णांनी भाचीनं दाखवल्याप्रमाणे बोटं माझ्या डोक्याखाली सरकवली. लोक गप्प. मी गप्प.

"काही कळतंय का?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"मलाही नाही," अण्णा म्हणाले. "म्हणजे बरोबर चाललंय. पैसे काढ."