चौकशीकाका

पापडीच्या बाजारात केळी घ्यायची असली, तरी आमच्या आळीतले काका चार टोपल्यांपाशी बसून उठतात आणि पाचवीतली घेतात. तीही अर्धा डझन. अशा माणसाला मोतीबिंदू झाला, तेव्हा घरच्यांना डोळ्यापेक्षा चौकशीचीच धास्ती.

ती खरी ठरली. विरारपासून बोरिवलीपर्यंत एकही डोळ्यांचा दवाखाना काकांनी सोडला नाही. लेन्स देशी की परदेशी? पिवळसर की पांढरी? घडी होते म्हणता, मग आत गेल्यावर उलगडली नाही तर? उत्तरं वहीत, दर समासात. मेडिक्लेममध्ये किती बसतं, हे लाल शाईत.

विरार फास्टमध्ये ज्येष्ठांच्या बाकावर तर प्रवचनच. “१९४९ साली लंडनच्या हॅरॉल्ड रिडलेनं पहिली लेन्स बसवली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पर्स्पेक्सचे तुकडे घुसले होते, आणि डोळ्यांनी ते मुकाट सोसले. त्यावरून सुचलं त्याला! त्या पेशंटला कोणी विचारलं होतं, मोनो की मल्टि?” काकांच्या आवाजात त्या पेशंटविषयी कणव होती. बिचाऱ्याला चौकशी करायलाच मिळाली नाही!

शेवटी वसईतल्याच डॉक्टरीणबाईंनी वही मिटायला लावली. मल्टिफोकलनं दूरचं-जवळचं दोन्ही दिसेल, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. मोनोफोकल एकाच अंतराला स्वच्छ. दूरची घेतली तर वाचायला चष्मा. सिलिंडरचा नंबर मोठा असता, तर टोरिक सुचवली असती. “काका, तुम्ही दिवसभर करता काय, त्यावर ठरेल.”

काका प्रथमच निरुत्तर. काकू म्हणाल्या, “चौकशी.”

“जवळची की लांबची?”

“लांबचीच. जवळच्या सगळ्यांची करून झालीय.”

मोनोफोकल ठरली. थेंबांची भूल, जेमतेम वीस मिनिटं. लेन्सच्या पॉवरबद्दलचा काकांचा प्रश्न निम्म्यात असतानाच डोळ्यावर पट्टी आली, याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

लेन्सचं नाव, पॉवर आणि नंबर छापलेलं कार्ड मात्र त्यांनी लॅमिनेट करून पासाच्या पाकिटात ठेवलंय. परवा नायगावला टीसी चढला. काकांनी सवयीनं तेच पुढे केलं. टीसीनं ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

“बसा,” काका सरकत म्हणाले. “कुठला डोळा?”

विरार येईपर्यंत त्या डब्यात कोणाचंही तिकीट तपासलं गेलं नाही.