सर्व्हरवाले भाऊ

प्रत्येक तालुक्याच्या गावाचा एक तरी मुलगा पुण्यात ‘कॉम्प्युटरमध्ये मोठ्या पोस्टवर’ असतो. धारूरतर्फे आमचे सर्व्हरवाले भाऊ. पोस्ट सिस्टीम ॲडमिनची. म्हणजे नेमकं काय, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे दिवाळीला आले की सेटटॉप बॉक्सपासून झेरॉक्सवाल्याच्या प्रिंटरपर्यंत सगळं त्यांच्यापुढे येतं. भाऊ बंद करून चालू करतात. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

स्वतःच्या सर्व्हरला मात्र कुणाला बंद करू देत नाहीत. तो किती दिवस अखंड चालू आहे हे सांगणारी ‘अपटाइम’ कमांड रोज सकाळी चहाआधी. अपडेट टाकायचे तर रीस्टार्ट मारावा लागतो, आणि रीस्टार्ट मारल्यावर गडी उठेल याची खात्री खुद्द भाऊंना नाही. पण हे ते बोलत नाहीत. “आपला किल्ला आदिलशाहीपासून उभाय. कुणी रीस्टार्ट मारला का त्याला?” फाइलला हात लावण्याआधी तिची प्रत हवीच: ‘बॅक’, ‘बॅक दोन’, ‘जुनी’, ‘खरी जुनी’.

मग डेव्हऑप्स आलं: कोड लिहिणारे आणि सर्व्हर सांभाळणारे एकत्र, आणि हातची कामं यंत्राकडे. २००९ साली बेल्जियमच्या गेंटमध्ये पॅट्रिक डेब्वा यांनी परिषद भरवली, तिथून हे नाव पसरलं. भाऊंच्या कंपनीपर्यंत यायला बराच काळ गेला, पण आलं ते ॲडमिनच्या खुर्च्या उचलतच. भाऊ चाळिशीत क्लासला बसले. शिकवणारे सर चोवीस वर्षांचे. म्हणाले, “दादा, सर्व्हरला लळा लावू नका. तो घरातला कुत्रा नाही, गुरं समजा. आजारी पडलं की काढायचं, दुसरं उभं करायचं.” ही उपमा मायक्रोसॉफ्टच्या बिल बेकर यांची; रँडी बायस यांनी ती जगभर नेली. दोघांपैकी कुणी पोळा पाहिलेला नसावा. भाऊंच्या घरी बैलांना नावं आहेत, पोळ्याला पुरणपोळीचा पहिला घास त्यांचा, आणि आजारी बैलापायी वडलांनी गोठ्यात रात्री काढलेल्या. भाऊंनी हात वर केला. “सर, मग सर्व्हरला कुत्रंच म्हणा की. आमच्याकडं ते दारात आपलं आपलं असतंय.”

पुढे कुबरनेटीस. गुगलने २०१४ साली जगासाठी खुलं केलेलं हे प्रकरण भाऊंना महिनाभर उमगेना. गावी चुलत्यांना सांगता सांगता उमगलं. अण्णा ऊसतोडीचे मुकादम.

“बघा अण्णा, तीन गडी कामावर पाहिजेत, एवढं लिहून द्यायचं. एक पडला की ते आपोआप दुसरा उभा करतंय.”

“मुकादम की रे.”

“हां.”

“उचल किती देतंय?”

“उचल नाही. उलट महिन्याच्या शेवटी बिल आपल्यालाच.”

अण्णांनी तंबाखू मळली. “असला मुकादम आमच्याकडं असता तर बंगला झाला असता.”

क्लास संपल्यावर डेव्हऑप्सची नोकरी लागली, नवशिक्याच्या पगारावर. पहिल्याच आठवड्यात भाऊंनी सवयीने रात्री लॉगिन करून एक सेटिंग हाताने नीट केलं. सकाळी गिट नावाच्या कोडच्या वहीतून सेटिंग आपोआप चढवणारी पाइपलाइन चालली आणि ते पुसून गेलं, कारण गिटमध्ये जे लिहिलंय तेच खरं. भाऊ दोन दिवस ‘कुणीतरी घुसलंय’ म्हणून लॉग चाळत होते.

पण लॉग चाळायची हीच खोड कामाला आली. एका रिलीजच्या रात्री पॉड, म्हणजे कुबरनेटीसचा गडी, सारखा पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. पोरं नवा उभा करत होती, नवाही पडत होता. भाऊंनी कुणाला काही न विचारता लॉग उघडला. डिस्क भरलेली. पाच मिनिटांत कारण सापडलं. दुरुस्तीला मात्र तास गेला. सेटिंग लिहायच्या याम्ल फाइलीत ओळीच्या सुरुवातीला टॅब चालत नाही, स्पेसच द्याव्या लागतात, आणि भाऊंच्या एका ओळीआधी त्या दोन कमी होत्या. तपासणारा पोरगा दरवेळी फाइल परत पाठवायचा. शेवटी मंजुरी आली. खाली त्याने लिहिलं होतं: “दादा, मी माजलगावचा. धारूरची सीताफळं निघाली का?”