वलगणकर

जून उजाडला की हा माणूस आभाळाकडे असा बघतो की शेतकऱ्यानं लाजावं. याची शेती विकून बरीच वर्षं झाली. पेण-उरणच्या पट्ट्यात कुठल्या तरी कंपनीत नोकरी, मोजूनमापून बोलणं, रात्री साडेनऊला झोप. पण ७-८ जूनला मृग लागतो आणि त्याच्या आधीच रजेचा अर्ज तयार असतो. कारण : घरगुती अडचण. साहेब इथलाच असला तर सही करताना हळूच विचारतो, "गाबोळीवाले गावले तर दोन इकडे बघा."

पहिला दणकून पाऊस झाला, खाचरं भरली आणि पाणी बांधावरून ओढ्यात पडायला लागलं, की नदी-तळ्यातले मासे पोटातली गाबोळी, म्हणजे अंडी, घालायला उलट्या धारेनं वर चढतात. हीच वलगण. तेव्हा वलगणकर रात्री बाहेर पडतो. डोक्याला बॅटरी, कमरेला कोयता, खांद्यावर पागाचं जाळं, अंगात मुलाचा शाळेचा रेनकोट (बाह्या कोपरापर्यंत). पूर्वी गॅसबत्ती असायची, तिच्या फुसफुशीत वेगळी मजा होती असं तो दरवर्षी सांगतो. उजेड पडला की उथळ पाण्यातला मासा क्षणभर थिजतो. तेवढ्यात कोयता. निम्म्या वेळा तो चिखलात बसतो, एकदोनदा शेजाऱ्याच्या गमबुटावर.

अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर लोक असेच रात्री दिवे घेऊन उथळ पाण्यात शिरतात आणि वाळूत दडलेला चपटा फ्लाउंडर भाल्यानं टोचतात. आपल्या लेपाचाच तो लांबचा भाऊ, दोन्ही डोळे एकाच अंगाला. हे ऐकून वलगणकर म्हणाला, "मग त्याला मागून बडवायचा." परदेशी तंत्रज्ञानाविषयी त्याचं मत तिथेच संपलं.

जागा मात्र तो सख्ख्या भावालाही सांगत नाही. वाटेत कुणी भेटून "काय गावला का?" विचारलं, तर पिशवी पाठीमागे जाते आणि तोंड सुतकी होतं. "कसलं काय, दोन खेकडं." पिशवी तेव्हा वळवळत असते. पहाटे घरी आल्यावर तोच मासा हातभर लांब होतो. बायको शिवडे, मळे निवडत पातेल्याकडे बघते आणि काही बोलत नाही, कारण राख लावून ते साफ तिलाच करायचे असतात.

खरी गंमत जेवताना. समुद्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, हे त्याला पूर्ण मान्य आहे. "बरोबर हाय. अंडी घालायचा टाइम. दोन महिनं सोडलं नाय तर पुढं खानार काय?" असं म्हणत तो तव्यावरची गाबोळी उलटतो. ओढ्यातले मासे कमी झाले, याचं तर त्याला अतोनात दुःख आहे. कंपन्यांचं पाणी, शेतातली औषधं, भराव, नवे रस्ते असे सगळे गुन्हेगार तो बोटांवर मोजतो. (चूक काहीच नाही, भरावानं किती ओढे गाडले ते मीही पाहिलंय.) पाचवं बोट गाबोळीत असतं.

"आमच्या वेळेला," तो चाटून सांगतो, "पाय ठेवायला जागा नसायची." मग आभाळाकडे नजर टाकून मुलाला हाक मारतो, "बॅटरी चार्जिंगला लाव रे. आज परत पडनार."