अकरा महिन्यांचा मालक

पुण्यात माणूस निवृत्त झाला की लोक त्याच्या गुडघ्यांना तेल सुचवतात आणि फंडाच्या पैशांना जागा. ‘जागेसारखं दुसरं काही नाही,’ असं सांगणारे बरेचसे स्वतः भाड्याच्या घरात सुखाने नांदत असतात, हे ठाऊक असूनही मी वारज्यात फ्लॅट घेतला.

आमची ही बँकेतून रिटायर झालेली. तिने पेन्सिल काढली. किंमत ७० लाख, भाडं महिना २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. साडेतीन टक्केसुद्धा नाहीत. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, एजंटचं एक भाडं आणि फ्लॅट रिकामा पडेल ते महिने वजा.

“पण जागेची किंमत वाढते ना!”

“विकणार आहात?”

“छे!”

“मग ती वाढते कुणासाठी? आणि एक सांगते, एफडी रात्री फोन करत नाही.”

भाडेकरू मिळाला. कॉम्प्युटरवाला, लग्न झालेला. सोसायटीला बॅचलर चालत नाहीत. सेक्रेटरींनी लगेच नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसचं बिल पाठवलं. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा सरकारी आदेश २००१ पासून आहे. मी तो छापून नेला, तेव्हा त्यांनी बिल कमी केलं आणि माझ्याशी बोलणंही. शिवाय स्वतः राहणाऱ्याला मालमत्ता करात महापालिका ४० टक्के सवलत देते, ती भाडेकरू आला की जाते. त्यातल्या त्यात आयकर खातं दिलदार. पालिकेचा कर वजा करून उरलेल्या भाड्यातले ३० टक्के ते दुरुस्तीसाठी सोडून देतं, एकही पावती न मागता. आमच्या घरात पावतीशिवाय कोथिंबीरसुद्धा मंजूर होत नाही.

करार अर्थातच अकरा महिन्यांचा. वर्षाहून लांबच्या भाडेपट्ट्याला १९०८च्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली, म्हणून कुणा चतुर माणसाने बारातला एक महिना कापला. पुढे महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा, असं सांगून ती जबाबदारी मालकावर टाकली. पळवाट कधीच बुजली. दोन-तीन वर्षांचा करार एकदम करता येतो. तरी आपण दर अकरा महिन्यांनी मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे भरतो आणि एजंट दर अकरा महिन्यांनी आपल्या तब्येतीची चौकशी करतो.

हल्ली नोंदणी घरबसल्या होते. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. भाडेकरूचा अंगठा झटक्यात उमटला. माझा काही केल्या उमटेना.

“काका, रेषा पुसल्यात. भांडी घासता का?”

हिने स्वयंपाकघरातून डोकावून “देव पावो!” म्हटलं. शेवटी अंगठ्याला खोबरेल चोळलं, यंत्र पुसलं, आणि मी कायदेशीर मालक झालो.

त्यानंतरचे फोन असे: गीझर तापत नाही. गीझर फार तापतो. सिंक तुंबलंय. शेजारच्यांचं पाणी आपल्या बाथरूममध्ये गळतंय. प्लंबर ‘निघालोच’ म्हणतो आणि त्याच्या फोनवर मागे भजनी मंडळ ऐकू येतं.

मुदत संपल्यावर भाडेकरू हलला नाही तर दुप्पट भाड्याने भरपाई वसूल करायची सोय त्याच भाडे नियंत्रण कायद्यात आहे. मी मात्र धास्तावलेला असतो तो हलेल म्हणून. रिकाम्या फ्लॅटलाही मेंटेनन्स चुकत नाही. त्यामुळे परवा “काका, पुढच्याच गल्लीत फ्लॅट घेतला,” म्हणत तो पेढे घेऊन आला, तेव्हा माझा चेहरा पडला.

“अहो, मी जात नाहीये,” तो म्हणाला. “तो २६ हजारांनी दिलाय. मला तुमच्याकडेच परवडतं.”

हिने पेढा घेतला आणि पेन्सिल शोधायला गेली.

“फक्त तुमच्या त्या प्लंबरचा नंबर द्या,” तो आवाज खाली आणत म्हणाला. “माझा भाडेकरू रात्री फार फोन करतो हो.”