दात घासायचे पैसे

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. सौ. आईस सा. न.,

कुकर लावलाय, शिट्ट्या होईतो लिहिते. काल तुझा फोन झाल्यापासून हे मला चिडवताहेत, "सासूबाईंच्या मते आपली सई कम्युनिटी कॉलेजात जाऊन वाया गेली." आई, कम्युनिटी कॉलेजात गेलेली पोरं वाया जात नाहीत गं. दोन वर्षं इथे काढून पुढे बर्कलीला जाणारीही असतात. इथल्या रहिवाशांना फी युनिटला ४६ डॉलर, एक विषय साधारण तीन-चार युनिटांचा. नंदूकाकांना मात्र हे सांगू नकोस. चिरंजीवांच्या डोनेशनपायी त्यांनी मळा विकलाय, उगाच बीपी वाढेल.

फी परवडते, पार्किंग नाही! पास विकत घ्यायचा, वर गाडीचं तोंड आतच हवं. मागची नंबरप्लेट कॅमेऱ्याला दिसली पाहिजे ना! ह्यांनी ऐटीत रिव्हर्स घेऊन गाडी लावली आणि ४५ डॉलरची पावती घेऊन आले. म्हणजे जवळजवळ एक युनिटच की! तेव्हापासून "माझं एक युनिट झालंय" म्हणून मिरवताहेत.

बाबांना सांग, "लोकांचे दात घासायला अमेरिका कशाला?" म्हणू नका. सई ज्याची तयारी करतेय, ते काम करणारीला डेंटल हायजिनिस्ट म्हणतात. तासभर दात खरवडते ती, डॉक्टर शेवटी डोकावून जातो. सरकारच्या २०२३च्या आकड्यांत त्यांची मधली कमाई वर्षाला ८७,५३० डॉलर आहे. निम्म्यांना त्याहून जास्तच. आणि बालवाडीच्या बाईंना? ३७,१३०. दोघींची पदवी एकाच पातळीची, कॉलेजही एकच असू शकतं. नुसतं आर्ट्स करून तिथेच थांबलं, तरी हातात फारसं काही येत नाही. पुढे युनिव्हर्सिटी गाठली तरच. कॉलेज कुठलं, यापेक्षा विषय कुठला, हेच महत्त्वाचं.

पण माझ्या मनाला पटत नाही. दातांवरचं किटण काढणारीला दुपटीहून जास्त, आणि पोरांची नाकं पुसून त्यांना माणसांत आणणारीला हे! सुधामावशी असती तर कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला असता.

हायजिनला जागा मोजक्या. आधी अ‍ॅनाटॉमी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री पार करायची. सई करतेय. पण मंगळवारी कॉलेजच्या बालवाडीत मदतीला जाते, त्या दिवशी हातावर रंग माखून बडबडत येते. मायक्रोबायॉलॉजीहून आली की नुसतं फ्रिज उघडून उभी. मी आकडे दाखवून झाले, आता गप्प आहे.

तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करून आले.

पार्सल पोचलं. मेतकुटाची पिशवी कुठेतरी फुटलीय, सगळ्या कपाटाला वास लागलाय. काही नको असलं तरी जाता-येता कपाट उघडते मी. हे म्हणाले, पुसून काढू का? नको म्हटलं.

वन्संनी फ्लॅट घेतला ते कळलं, पण पैसे कोणी दिले? आणि कुलकर्ण्यांच्या पोराचं लग्न मोडलं ते सविस्तर लिही. फोनवर बाबा शेजारी बसतात नि तू अर्धंच सांगतेस.

तुझी,
मंजू