मुसळ उभं राहिलं हो!

ऐकलंत का? मुसळ उभं राहिलं! परातीत पाणी, पाण्यात मुसळ, आणि कुणाचा हात लागलेला नाही. ग्रहण लागलं की उभं राहतं, सुटलं की आडवं होतं म्हणे. २६ डिसेंबर २०१९ ला हाच गलका झाला, २१ जून २०२० ला पुन्हा हाच. तेव्हा कोरोनामुळे माणसं घरात कोंडलेली, पण मुसळाचा व्हिडिओ मात्र गावोगाव मोकाट हिंडत होता.

आता चहाडी करायचीच तर पुरती करू. बूड सपाट असलेलं जड मुसळ नीट तोलून ठेवलं तर कुठल्याही मंगळवारी उभं राहतं. सूर्य-चंद्र एका बाजूला येऊन ओढतात म्हणावं, तर ते दर अमावास्येला येतात. सर्वपित्रीला कुणी परात मांडलेली ऐकलीय? तेव्हा सगळ्यांचं लक्ष वड्यांवर! चंद्राची वाट पाचेक अंशांनी कललेली असते, म्हणून तो बहुतेक अमावास्यांना सूर्याच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. नेमका आडवा आला की ग्रहण. त्यात मुसळाचा काय संबंध?

पण खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. ग्रहणात आपण मुसळ बघतो, मोबाइल बघतो, कुणाची सून अंगणात आली तेही बघतो. फक्त ग्रहण तेवढं बघत नाही. १६ फेब्रुवारी १९८० ला कारवार-हुबळीकडे खग्रास आणि आपल्याकडे खंडग्रास होतं, तर मुंबईचे रस्ते ओस पडले. लोकांनी घरातच बसावं म्हणून दूरदर्शनने भर दुपारी चित्रपट लावला, म्हणजे बघा!

आणि परके? ते समुद्र ओलांडून आले! १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रासाची सावली सांगलीवरून गेली. त्या दिवशी सांगलीकर पटवर्धनांच्या भाऊबंदांच्या जमखंडीत जॉन हर्शेल नावाचा साहेब दुर्बीण लावून बसला होता. भर पावसाळा, ढगांची लपाछपी, तरी पठ्ठ्याने ढगांच्या फटीतून सूर्याच्या कडेच्या ज्वाळा गाठल्या आणि वर्णपटातल्या त्यांच्या तेजस्वी रेषा टिपल्या. मग २२ जानेवारी १८९८. प्लेगचे दिवस. सावली विजयदुर्गावरून कऱ्हाडच्या बाजूने करमाळ्याजवळच्या जेऊरकडे गेली. जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नेगमवाला होते आणि थेट अमेरिकेहून आलेले कॅम्पबेल. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. आता कोकणातले पाहुणे ठणकावून सांगतात की हेलियम लॉकियरने आमच्या किल्ल्यावर शोधला. त्यांच्यासमोर बोलू नका, पण सूर्यावरच्या हेलियमचा माग लागला त्या १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडातच होते. विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी, आणि तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेंना हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं झाली होती.

सगळेच काही पडदे ओढून बसले नाहीत हं. २०२० च्या त्याच ग्रहणात इस्लामपुरात एका गरोदर सुनेने भाजी चिरली, फळं कापली आणि खास चष्मा लावून ग्रहण पाहिलं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते बरोबर होतेच. साताऱ्यात जन्मलेल्या, सांगलीत कबड्डी खेळलेल्या, मिरजेत डॉक्टर झालेल्या नरेंद्र दाभोलकरांची ही माणसं! शेजारणींनी बाळंतपणापर्यंत बोटं मोडायची तयारी केली असेल, पण बाळ सुखरूप आलं. चर्चेचा सगळा मसालाच गेला.

आता दुसरी टोळी. ही भीत नाही, हिचं त्याहून अवघड. हे धीट लोक कपाटातून आजोबांचा एक्स-रे काढतात, कुणी काजळी धरलेली काच, कुणी गॉगल, कुणी परातीतल्या हळदीच्या पाण्यात सूर्य बघतं. यातलं एकही चालत नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे भाजताना माणूस खुशाल हसत असतो. कळतं ते नंतर, समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी डाग दिसायला लागल्यावर. खग्रासात सूर्य पूर्ण झाकलेला असतो, तेवढ्याच मिनिटांत नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. कोर उरली, अगदी शंभरातला एक भाग, तरी नाही. आपल्याकडे हल्ली येतं ते खंडग्रासच, म्हणजे नुसत्या डोळ्यांना एक क्षणही सूट नाही. आयएसओ १२३१२-२ ची खूण असलेला, ओरखडा नसलेला चष्मा घ्या. तोही लावून दुर्बिणीत डोकावू नका. दुर्बिणीला गाळणी पुढच्या तोंडाला लागते. फुकटात हवं असेल तर सूर्याकडे पाठ करा आणि पुरणयंत्राची जाळी उन्हात धरा. भिंतीवर प्रत्येक भोकागणिक एक कुरतडलेला सूर्य! बघा, वर्षातून होळीलाच बाहेर येणाऱ्या यंत्राला काम मिळालं.

आणि ताजी बातमी. '२ ऑगस्ट २०२५ ला जग सहा मिनिटं अंधारात' हा निरोप तुम्हालाही आला होता ना? पाठवणाऱ्याने वर्षच चुकवलं. खग्रास आहे २ ऑगस्ट २०२७ ला, सहा मिनिटांचा अंधार इजिप्तमधल्या लक्सरच्या आसपास, जगभर नाही. आपल्याकडे संध्याकाळच्या सुमारास सूर्याचा थोडा लचका तुटलेला दिसेल. पण घोटाळा ऐका: ती आषाढी अमावास्या. म्हणजे गटारी! आणि वार सोमवार! सोमवार, गटारी आणि ग्रहण एकाच दिवशी. तांबड्या रश्श्याचं काय करायचं, यावर आत्तापासून दोन गट पडतील. रस्सा रविवारीच उरकून टाका, एवढाच माझा सल्ला.

राहिला पाऊस. महाबळेश्वरकरांनी आशाच सोडावी. त्या दिवशी उघडं आभाळ मिळालंच तर माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या बाजूला. जन्मभर ढगांची वाट बघणाऱ्या त्या तालुक्यांकडे एकदा तरी सगळ्या सातारा-सांगलीने हेव्याने बघावं. जाताना पुरणयंत्राची जाळी घ्या. मुसळ घरीच राहू द्या.