वेताळकाका

माणसांवरचा विश्वास उडवणारी नोकरी जन्मभर केली की निवृत्तीनंतर माणूस एक तर अध्यात्माकडे वळतो, नाहीतर जुन्या वस्तू गोळा करायला लागतो. आमच्या साखर पेठेतल्या वेताळकाकांनी दुसरा रस्ता धरला. सगळी नोकरी जकात नाक्यावर झाली. पावतीत चादरी आणि ताडपत्रीखाली भलतंच, हे इतक्यांदा पाहिलेलं की अजूनही भाजीवाल्यानं ‘गवार कवळी आहे’ म्हटलं की काका आधी शेंग मोडून बघतात, मग तिचा वास घेतात आणि मग त्याच्या तोंडाकडे बघतात. ही नजर घेऊन ते इंद्रजाल कॉमिक्स गोळा करतात.

टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं आणि १९९० मध्ये गुंडाळलं. ली फॉकचा फँटम मराठीत आला तो वेताळ होऊन. त्याच्या मागोमाग जादूगार मँड्रेक आला, पुढं आबिद सुरतींचा बहादूर आला. अंक पोरांसाठी होते, तेव्हा पोरांच्या हातात जे व्हायचं ते झालं. कोडी पेनानं सुटली, वेताळला मिशा फुटल्या, भाड्यानं पुस्तकं देणाऱ्यांनी पाच-पाच अंक एकत्र बांधून कडा सपासप कापल्या, आणि उरलंसुरलं मंगळवार बाजारात किलोवर गेलं. म्हणून आज धड प्रत मिळत नाही. मिळत नाही म्हणून किंमत आहे, आणि किंमत आहे म्हणून लबाडी आहे. काकांना या तिन्हींत शेवटच्या गोष्टीची गोडी जास्त.

त्यात त्यांना अमेरिकेतला प्रकार कळला. फ्लोरिडात सीजीसी नावाची कंपनी २००० सालापासून जुनी कॉमिक्स तपासते, ०.५ ते १० मध्ये गुण देते आणि अंक प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करून परत पाठवते. ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला त्या १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची ८.५ गुणांची प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. हे वाचलं त्या दिवसापासून काका सगळ्या जगाला गुण देत सुटले. कडक भाकरीचा टवका उडालेला दिसला की ‘सहा’. हुतात्मा एक्सप्रेसचा डबा ‘पाच, आसन फाटलंय’. जावई पहिल्या दिवाळसणाला आले, तेव्हा काकांनी त्यांना पुढून-मागून न्याहाळून काकूंच्या कानात सांगितलं, “साडेसात. कडा झिजल्यात, पण पानं पूर्ण आहेत.”

काकूंना गुण द्यायची मात्र त्यांची छाती झाली नाही. काकू एकदाच म्हणाल्या, “अहो, मीपण तुम्हाला दिलेत. सांगू का?” विषय तिथंच मिटला.

अंकांची व्यवस्था राजेशाही आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, माणसं ओल्या फडक्यानं तोंड पुसत बसतात. पण अंकांच्या खोलीत कूलरला बंदी. दमट हवेनं पिना गंजतात. काका-काकू गच्चीवर चटई टाकतात आणि वेताळ खाली पत्र्याच्या ट्रंकेत, वेखंड नि कडुनिंबाचा पाला उशाला घेऊन झोपतो. ट्रंकेत कसर शिरू नये म्हणून काका जेवढे जागतात तेवढे पोरीच्या परीक्षेलाही जागले नव्हते, असं काकूंचं म्हणणं.

गुण देण्यात काका कडक, पण त्यात एक खोच आहे. समोरच्याच्या अंकाचा कोपरा दुमडलेला असला तर तो ‘मोडलेला’. तोच अंक ट्रंकेत आला की ती ‘वाचल्याची खूण’. दुसऱ्याकडचा वाचनालयाचा शिक्का म्हणजे डाग. काकांकडे आला की तो पुरावा. सातरस्त्याच्या एका संग्राहकाशी अदलाबदल चालली होती. काका एका अंकाला आठ सांगत होते. मी म्हटलं, “काका, हाच तुम्ही गेल्या वर्षी चारचा म्हणून घेतला की.”

“तेव्हा तो त्याचा होता बे,” काका शांतपणे म्हणाले.

सगळ्या गुणांकनाचं शास्त्र या एका वाक्यात आलं. प्लॅस्टिकची पेटी फार तर त्या बोलण्याला कुलूप लावते. आणि २०२४ च्या सुरुवातीला तर कुलूपही उघडं पडलं. कुणीतरी सीजीसीच्या पेट्या अलगद उघडून आतली चांगली प्रत काढत होता, त्याच लेबलाखाली हलकी प्रत सरकवत होता. कंपनीनं संशयित पेट्यांची यादीच जाहीर केली. अमेरिकेत संग्राहक डोक्याला हात लावून बसले आणि इकडे काकांनी पेठेत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. “सील बघून ट्रक सोडायचा असता तर नाक्यावर आम्हाला कशाला बसवलं असतं, मालक?”

काकांच्या कीर्तीचा कळस झाला तो पुण्याहून आलेल्या एका विक्रेत्यामुळं. रात्री हुतात्मानं उतरला, सकाळी दारात हजर. पिशवीतून त्यानं बाळ काढावं तसा एक अंक काढला : ‘अमर चित्र कथा’, इंग्रजी, ‘कृष्ण’, वर ठसठशीत क्रमांक १.

“पहिला अंक, पहिली आवृत्ती. नऊच्या वर आहे. सोलापुरात म्हणून स्वस्तात देतोय.”

काकांनी हात धुतले, कोरडे केले, जुन्या धोतराचा पांढरा तुकडा पाटावर अंथरला. पहिल्यांदा पिना बघितल्या. पिन गंजली की गंज कागदात उतरतो. मुखपृष्ठावर डाग असेल तर आतल्या पानावरही त्याच जागी हवा. इथं आत डाग होता, बाहेर स्वच्छ. “मुखपृष्ठ बिजवर आहे,” काका पुटपुटले. मग भिंग. छापखान्यातल्या रंगाचे ठिपके शिस्तीत उभे असतात. इथं घरगुती प्रिंटरचे शिंतोडे होते. मग दार लावून नोटा तपासायची निळी बत्ती. हल्लीच्या कागदात चकाकी आणणारं रसायन असतं, तो बत्तीखाली निळसर उजळतो. जुना कागद मुकाट काळा राहतो. मुखपृष्ठ उजळलं. शेवटी रंग. कागद जुना होतो तो हवा लागेल तसा, कडेकडून आत पिवळा पडत. हे मुखपृष्ठ मधोमधही तेवढंच पिवळं. काकांनी डोळे मिटून वास घेतला.

“चहात बुडवलाव. आलं घालून.”

विक्रेत्याचा चेहरा पडला. पण काकांनी खरा हुकमाचा पत्ता अजून टाकलाच नव्हता. “आणि मालक, एवढी मेहनत केलाव, तर नंबर तरी बघायचा की. अनंत पैंच्या इंग्रजी मालिकेत ‘कृष्ण’ अकरावा. आधीचे दहा नंबर कन्नडमधे निघाले, सिंड्रेला नि तसल्या परीकथा. ते दहा हुडकत मी अक्कलकोटपर्यंतची रद्दी पालथी घातलीय. आणि तुम्ही मलाच एक नंबर विकायला आलाव?”

तो निमूटपणे अंक पिशवीत भरू लागला, तर काकांनी त्याचा हात धरला. “राहू दे. चाळीस रुपये देतो.”

त्या दिवसापासून ट्रंकेशेजारी दुसरी ट्रंक आली : नकलांची. झेरॉक्स मुखपृष्ठं, दुसऱ्याच अंकाचं मधलं पान शिवलेल्या प्रती, कडा कापून ‘कोऱ्या’ केलेले वेताळ. काका त्यांनाही गुण देतात, उलट तिथं जास्त न्यायानं देतात. सर्वांत वर ‘कृष्ण, क्रमांक १’. पारदर्शक पिशवीत, चिठ्ठीसह : ‘नकली. ९.२.’ लोक लांबून बघायला येऊ लागले. काकांचा युक्तिवाद बिनतोड होता : अस्सल ‘कृष्ण’ गठ्ठ्यांनी छापला गेला, चुकीच्या नंबराचा जगात एकच.

ही गोष्ट पुण्याला पोचायची ती पोचलीच. तोच विक्रेता परत आला. आधी दुपटीनं, मग दसपटीनं प्रत परत मागितली. काका ढिम्म. महिन्याभरानं पुन्हा उगवला आणि पिशवीतून हुबेहूब तसाच अंक काढला. “काका, याची आणखी एक प्रत सापडली. घ्या, जोडी होईल.”

पुन्हा हात धुणं, धोतर, भिंग, बत्ती. सगळं पहिल्यासारखंच. विक्रेता आता निर्धास्त हसत होता, कारण नकलेला नकली म्हणून कोण नाकारणार? काकांनी अंक नाकाशी नेला, बराच वेळ धरला, आणि ठेवून दिला.

“मला गंडवलालाव व्हय? ही खोटी आहे. चहात आलंच नाही.”